धावदोरा

मराठीत आमराई असते, नारळीची वाडी असते, केळीचं बन असतं. बांबूचं मात्र बेट. शब्द अगदी चपखल, कारण आपला माणगा, मानवेल, कळक हे सगळे एका जागी दाटीनं उभे राहणारे. नवा कोंब जुन्याला बिलगून निघतो, बेट दरवर्षी थोडंसं फुगतं, भोवतालची जमीन मोकळीच राहते. सिंधुदुर्गातल्या आमच्या घरामागं गडग्याला लागून आजोबांनी लावलेलं माणग्याचं बेट अजून आपली जागा धरून आहे. म्हणून अमेरिकेत कनेक्टिकटला राहणारी मुलगी म्हणाली, "बाबा, शेजाऱ्यांचा बांबू कुंपणाखालून आपल्याकडं आलाय," तेव्हा मला वाटलं, एखादी फांदी ओणवली असेल.

मे महिना होता. हिरवळीत सात कोंब उभे होते, जवळजवळ एका रेषेत. पहिला कुंपणापाशी, शेवटचा तुळशीच्या कुंडीच्या अलीकडं. आईनं गोधडीला घातलेला धावदोरा आठवला. सुई कापडाखालून जाते, मध्येच वर दिसते, पुन्हा गडप. कोंब म्हणजे वर दिसणारे टाके. खरं काम खाली चालू असतं.

या जातीचं शास्त्रीय नाव फायलोस्टॅकिस ऑरिओसल्काटा. मूळची चीनची, उणे वीसची थंडी सोसणारी. कोंबाची टोकं पहाटे ओली असतात, पाऊस पडलेला नसतानाही. आपल्याकडचा बांबू कोंबासाठी पावसाची वाट पाहतो. हा गेल्या वर्षी मुळीत साठवलेल्या शिदोरीवर वसंतातच उठतो. कोंब जमिनीतून निघतो तोच आपली जाडी घेऊन, पुढं कधी सुतभरही जाड होत नाही. पेरं किती, तेही आतच ठरलेलं. मग फक्त पेरामागून पेर उलगडायचं, सहा-आठ आठवड्यांत वीस-पंचवीस फूट. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा राहत असे. मुलीला वाटे, बाबा बांबूवर लक्ष ठेवताहेत. मी खरं तर त्याच्या प्रेमात पडलो होतो.

काठी जवळून पाहा. पेर पूर्ण गोल नाही. ज्या डोळ्यातून फांद्या फुटतात, त्याच्या वर पेराला एक उभी खाच असते आणि हिरव्या काठीवर तेवढी खाच पिवळी. आता नजर एक पेर वर न्या. तिथं डोळा विरुद्ध बाजूला, म्हणून पिवळी रेघही विरुद्ध बाजूला. पुढच्या पेराला परत अलीकडं. साडीचा जरीकाठ घड्यांतून दिसावा-लपावा, तशी ती रेघ काठीभर बाजू बदलत वर जाते. प्रत्येक डोळ्यातून फांद्या दोनच, एक थोरली, एक धाकटी. कोवळ्या काठीवरून बोट फिरवलं की किंचित खरखर लागते. आणि काही काठ्या बुडाशी दोन-तीन पेरं चक्क नागमोडी वाकतात, मग काही झालंच नाही अशा सरळ सुटतात. बागवाल्यांचा सगळा जीव काळ्या बांबूवर. तो देखणा आहे, पण पहिल्या वर्षी हिरवाच असतो, आणि एकदा काळा झाला की त्यात पाहण्यासारखं दुसरं फारसं उरत नाही. माझं मत या पिवळ्या खाचेला.

तरीही सप्टेंबरात कुदळ घेतलीच. चर खणला तेव्हा मुळी दिसली. माणग्याचा कंद आखूड, जाडजूड, आल्यासारखा वाकडा. ही मुळी करंगळीएवढी, पिवळट, दोरीसारखी लांब, पेरापेरावर एक डोळा, तोही आळीपाळीनं या-त्या बाजूला. वरच्या काठीचीच आडवी नक्कल. पाहिल्याबरोबर ओळखीचं वाटलं. ही तर हरळी! बांबू हे गवत आहे असं पुस्तकात वाचलेलं असतं, पण हरळी उपटता उपटता ज्यांची कंबर गेली, त्यांना ते चरात उतरल्यावर पटतं. 'वंश' या शब्दाचे बांबू आणि घराणं असे दोन अर्थ का, याचंही उत्तर मला तिथंच मिळाल्यासारखं वाटलं.

असा बांबू जपानी माणसानं शतकानुशतकं घराशेजारी वागवला आहे. १७३६ मध्ये कागोशिमाच्या सेंगान-एन या शिमाझु घराण्याच्या निवासी बागेत र्युक्यू बेटांवरून मोसो बांबू आणून लावला. मोसोही असाच धावता. तिथला जुना दंडक असा, की उघडी छत्री घेऊन चालता येईल इतकी वनात मोकळीक हवी. म्हणजे म्हाताऱ्या काठ्या दरवर्षी तोडायच्या, कोंब वेळेवर खणून खायचे. जिथं तोडणारे हात गेले, तिथं पश्चिम जपानात हाच मोसो डोंगरातल्या झाडांवर कुरघोडी करत चालला आहे.

कनेक्टिकटनं छत्रीऐवजी २०१३ मध्ये कायदा केला. आता तिथं धावता बांबू शेजाऱ्याच्या हद्दीपासून ४० फुटांच्या आत लावायचा तर अडसर घालून किंवा जमिनीवरच्या कुंडीतच. दुसऱ्याच्या जागेत गेला, तर नुकसानीची जबाबदारी लावणाऱ्याची. शेजारी भला माणूस, पण त्यानं लावला तो कायद्यापूर्वी कित्येक वर्षं. भांडण्यात अर्थ नव्हता. दोघांनी मिळून हद्दीवर अडीच फूट खोल चर घेतला, जाड एचडीपीई प्लास्टिकचा पत्रा उभा केला, वरची कड दोन इंच जमिनीबाहेर ठेवली आणि पत्रा बांबूपासून किंचित बाहेरच्या बाजूला कलता. मुळी पत्र्याला आपटली की खाली बुडी न मारता वर वळते, कडेवर दिसते, तिथं कापता येते. त्यासाठी दर शरदात एक फेरी मारायचीच. पत्रा बसवून विसरणाऱ्याच्या बागेत तो कड ओलांडून जातो.

तेव्हा लावायचाच असेल तर आधी चर, मग रोप. कापलेल्या मुळ्या कडकडीत वाळवा, तोवर खताच्या ढिगात टाकू नका. आम्ही टाकल्या होत्या. त्यातल्या एकीचा डोळा जिवंत होता आणि पुढच्या मे महिन्यात मुलीनं मला ढिगातून वर आलेल्या कोंबाचा फोटो पाठवला.