संधिवात : विश्रांती की व्यायाम?

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सांध्यांवर ताण नको, विश्रांतीच हवी, असे डॉक्टर दीर्घकाळ सांगत. नेदरलँड्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ही समजूत तपासली. सुमारे ३०० रुग्ण, दोन वर्षे; निम्म्यांना आठवड्यातून दोनदा सव्वा तास सायकल, कसरती आणि खेळ. त्यांची दैनंदिन कामाची क्षमता सुधारली. मोठ्या सांध्यांची झीज एकंदरीत वाढली नाही. ‘एकंदरीत’ या शब्दापाशी मात्र थांबायला हवे. ज्यांचे सांधे आधीच बरेच झिजलेले होते, त्यांची झीज थोडी अधिक वाढली. शिवाय ही क्षमता रुग्णांनीच सांगितलेली. औषधाची खोटी गोळी देता येते, खोटी सायकल कशी देणार? त्यामुळे मोजलेली स्नायूंची ताकद आणि क्ष-किरण चित्रे अधिक भरवशाची.