‘ब्लाँड’ शब्दाचा अंत्य ‘ई’ : व्याकरण की वर्गीकरण?

इंग्रजी विशेषणांना लिंगभेद नाही, हा नियम सांगताना एक अपवाद हटकून नोंदविला जातो. सोनेरी केसांचा वाचक असा ‘ब्लाँड’ हा शब्द पुरुषाविषयी योजताना शेवटच्या ‘ई’ वर्णाविना लिहावा व स्त्रीविषयी योजताना त्या वर्णासह लिहावा. कारण मूळ फ्रेंचमध्ये असाच भेद आहे, असे प्रतिपादन केले जाते. या प्रतिपादनातील नियमाला प्रयोगाचा काहीसा आधार आहे. त्याचे कारण मात्र तपासास उतरत नाही.

फ्रेंचमध्ये हा भेद कानांना जाणवतो. पुल्लिंगी रूपातील अंत्य व्यंजन अनुच्चारित राहते, स्त्रीलिंगी रूपात ते स्पष्ट ऐकू येते. इंग्रजीत दोन्ही रूपांचा उच्चार एकच असल्याने भेद केवळ लेखनात उरतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, फ्रेंच विशेषण आपल्या विशेष्याच्या लिंगाला अनुसरते. केसांचा वाचक फ्रेंच शब्द पुल्लिंगी आहे. म्हणून स्त्रीच्या केसांनाही पुल्लिंगी विशेषणच लागते. दाढीचा वाचक शब्द स्त्रीलिंगी. म्हणून पुरुषाच्या सोनेरी दाढीला ई-युक्त रूप लागते. ‘तिचे काळे केस’ आणि ‘त्याची काळी दाढी’ असे सहज म्हणणाऱ्या मराठी भाषकास यात नवल वाटण्याचे कारण नाही.

व्यक्तीचेच वर्णन असेल तेथे फ्रेंचमध्येही रूप तिच्या लिंगाप्रमाणे बदलते, हे खरे. परंतु इंग्रजी लेखक स्त्रीच्या केसांना ई-युक्त विशेषण लावतो, तेव्हा तो फ्रेंच व्याकरण पाळीत नाही, मोडतो. व्याकरणिक लिंगाच्या जागी तेथे केसांच्या धनिणीचे स्त्रीत्व आलेले असते.

हा बदल कोणत्या दिशेने झाला, हे नामाच्या प्रयोगावरून कळते. अनिता लूस यांच्या १९२५ च्या ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ या कादंबरीच्या नावातील ई-युक्त शब्द विशेषण नसून नाम आहे. केसांचा रंग तेथे स्त्रियांच्या एका वर्गाचे नाव झाला आहे. पुरुषाचा असा नामनिर्देश इंग्रजीत क्वचितच होतो. ‘ब्रुनेट’ या शब्दाची स्थितीही तीच: त्याचे स्त्रीवाचक रूप रूढ आहे, पुरुषवाचक रूप विरळ.

ब्रिटिश लेखनात ई-युक्त रूप पुष्कळदा सर्वांसाठीच वापरले जाते. अमेरिकन लेखनाचा कल, विशेषतः विशेषणाच्या बाबतीत, ई-रहित रूपाकडे आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या जुन्या नियमात विशेषण सर्वत्र ई-रहित होते. ‘ई’ राखून ठेवला होता तो केवळ स्त्रीवाचक नामासाठी. विशेषणातून भेद पुसला गेला तरी स्त्रीला नाव देताना तो टिकला, हे अर्थपूर्ण होय.

सारांश, इंग्रजीतील हा ‘ई’ फ्रेंच लिंगव्यवस्थेचा अवशेष म्हणून शिकविणे युक्त नव्हे. त्याचा उगम फ्रेंच व्याकरणात असला, तरी त्याचे आजचे कार्य सामाजिक वर्गीकरणाचे आहे. शब्द उसना घेताना भाषा त्याचे रूप घेते. त्या रूपाने कोणते काम करावे, हे मात्र घेणारा समाज ठरवितो.