नाव गाजले, व्हायोलिन हरवले

‘अमर अकबर अँथनी’तले (१९७७) अँथनी गोन्साल्विसचे गाणे दुबईतल्या आपल्या मैफलींतही हमखास टाळ्या घेते. हे नाव खऱ्या माणसाचे आहे: गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक (१९२७–२०१२), संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरुदक्षिणा दिली खरी. पण पडद्यावर अंड्यातून निघालेला अँथनी हसवून गेला, व्हायोलिन हरवले.

गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागसंगीत पाश्चात्त्य वाद्यवृंदात आणले. पोट मात्र चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर. तिथे वादकाचे कसब म्हणजे अनेक व्हायोलिनांत आपला सूर बेमालूम मिसळणे. श्रेयनामावलीतून मग तो वादकही बेमालूम गळला. जुनी गाणी ऐकताना अंतऱ्याआधीची व्हायोलिने आपण कान देऊन ऐकली, तरच ती गुरुदक्षिणा पुरी होईल.