अपत्यहत्या : एका शब्दाची झडती

पितृहत्या, मातृहत्या, भ्रातृहत्या हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात. आईबापांनीच मूल मारलं, की मात्र आपण अडखळतो आणि ‘बालहत्या’ म्हणून मोकळे होतो. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो. त्या शब्दातून मेलेल्याचं वय कळतं. मारणाऱ्याचं नातं कळत नाही. ‘पुत्रहत्या’ म्हणावं, तर मुलगी वगळली जाते.

इंग्रजीतला शब्द आहे ‘फिलिसाइड’. लॅटिनमध्ये फिलियस म्हणजे मुलगा, फिलिया म्हणजे मुलगी, आणि ‘साइड’ हा भाग ‘ठार मारणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. पण ज्यांची ही भाषा, त्या रोमनांनी मुलांच्या जगण्यामरण्याचा अधिकार बापाला दिला होता. मुलाने बापाला मारलं, तर ते ‘पॅरिसिडियम’, महाभयंकर पातक! पुढे इसवी सन ३१८च्या सुमारास कॉन्स्टंटाइनने मुलांना मारणाऱ्या बापालाही शिक्षा लावली, तीसुद्धा याच जुन्या शब्दाखाली. कृत्य गुन्हा ठरलं, पण त्याला वेगळं नाव मिळालं नाही.

मराठीत ‘अपत्यहत्या’ हा नेमका शब्द आहे. मुलगा-मुलगी दोन्ही त्यात येतात, नातंही कळतं. पण ‘अपत्य’ म्हणजे तरी काय? यास्काचार्यांच्या निरुक्तात दोन व्युत्पत्ती आहेत : बापापासून पुढे पसरतं ते, किंवा ज्याच्यामुळे पतन होत नाही ते. म्हणजे इथेही मुलाची ओळख आईबापांच्या कामी येण्यावरून!

आधुनिक शास्त्र यातून सुटलं का? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ फिलिप रेझ्निक यांनी १९६९ साली १३१ प्रकरणं तपासून हेतूंचे पाच प्रकार मांडले : परहितबुद्धी, तीव्र मनोविकार, नकोसं मूल, अपघाती मृत्यू आणि जोडीदारावरचा सूड. वर्गीकरण उपयुक्त आहे, हे मान्य. पण पहिल्या नावापाशी आम्ही थांबतो. ‘आपल्यामागे याचे हाल होतील’ म्हणून मूल मारणं, याला परहित म्हणायचं? मारणाऱ्याच्या मनाचं ते वर्णन आहे. मुलाचं हित त्यात कुणी विचारलेलं नाही.

आपल्या बातम्यांतही ‘मुलांना संपवून आईची आत्महत्या’ असं छापून येतं. संपवायला ती मुलं म्हणजे हिशेब आहे का? आईचं दुःख खरं असेल, पण मुलाचा मृत्यू हा तिच्या दुःखाचा भाग नव्हे. म्हणून स्पष्ट म्हणू या : अपत्यहत्या. आणि म्हणताना एवढं ध्यानात ठेवू : मेलं ते आधी माणूस होतं, मग कुणाचं तरी अपत्य.