निकालाआधी ‘वगळलं कोणाला’ ते वाचा

आमच्या भिवंडीत लकवा झालेल्या माणसाच्या घरी गेलात तर एक वाक्य हमखास ऐकू येतं: “औषधं चालू आहेत, पण हल्ली कोणाशी बोलतच नाहीत.” यंत्रमागावर तुटलेला धागा झटक्यात जोडणारा हात हलेनासा झाला की माणूस खचणारच, असं आपण धरून चालतो. पण पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, आणि त्यावर उपचार करता येतात.

कोणते? माझ्या प्रपोजलच्या पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त गोव्याचा संदर्भ दिला होता. गाइडनी एवढंच विचारलं, “त्यात पक्षाघाताचे रुग्ण किती?” मला सांगता येईना.

ती ट्रायल खरोखर चांगली आहे. ‘संगत’ संस्थेचं हे काम २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ लोक. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. पद्धत ‘बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन’ची: मन लागायची वाट न बघता आधी छोटी, आवडीची कामं ठरवून करायची. तीन महिन्यांनी डिप्रेशनमधून सावरलेले ६४ टक्के. समुपदेशन न मिळालेल्यांत ३९ टक्के.

आता पद्धतीचा भाग उघडा. वय १८ ते ६५. स्पष्ट संवाद साधता न येणारे वगळले. म्हणजे लकव्याने वाचा गेलेले आणि पासष्टीपुढचे बाहेरच राहिले. हा त्या ट्रायलचा दोष नाही, ती पक्षाघातासाठी नव्हतीच. तिचा आकडा उचलून इथे चिकटवला, ही चूक माझी.

दुसरी गोष्ट मोजमापाची. गोव्यात रुग्ण निवडले ते पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवरून. त्यात थकवा, झोप, भूक, एकाग्रता, मंदावलेल्या हालचाली यांनाही गुण आहेत. लकव्यानंतर यातलं बरंच काही मेंदूच्या इजेमुळेही होतं. मग आपण नेमकं मोजतोय काय?

वाचा गेलेल्यांसाठी काही आहे का? आहे. इंग्लंडमधली १०५ जणांची एक ट्रायल २०१३ मध्ये छापून आली, खास वाचाघात झालेल्यांसाठी. उपचार वर्तनाधारितच, प्रश्नावली मात्र जवळच्या माणसाने निरीक्षणावरून भरायची. सहा महिन्यांनी मनःस्थितीत सुधारणा दिसली. पण इथेही प्रश्न विचारा: बैठका वीसपर्यंत होत्या, तेवढ्या आपल्याकडे कोण घेणार? आणि समुपदेशक घरी येतोय हे बघणाऱ्या बायकोचं किंवा मुलाचं निरीक्षण कितपत तटस्थ राहणार?

मी मसुदा बदलला. गोव्याची ट्रायल आता ‘पुरावा’ म्हणून नाही, ‘पद्धतीचा आधार’ म्हणून येते. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणाऱ्या या गावात प्रश्नावली कोणत्या भाषेत आणि कोण भरणार, यासाठी वेगळं पान लिहिलंय. तुम्हीही तुमच्या प्रपोजलमधला सगळ्यात लाडका संदर्भ आज काढा आणि त्यातली वगळलेल्यांची यादी वाचा. तुमचा रुग्ण त्या यादीत असेल, तर हे तुम्हाला परीक्षकाच्या आधी कळलेलं बरं.