उगमाचे प्रकटीकरण आणि त्याचे परिणाम : २०२४ च्या जिनिव्हा कराराची चिकित्सा

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या (वायपो) सदस्य राष्ट्रांनी २४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे बौद्धिक संपदा, जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी संलग्न पारंपरिक ज्ञान या विषयावरील करार सर्वसहमतीने स्वीकारला. कोलंबियाने १९९९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावापासून मोजले तर ही वाटचाल पाव शतकाची आहे. वायपोच्या करारांमध्ये मूलनिवासी व स्थानिक समूहांसाठी स्वतंत्र तरतुदी प्रथमच आल्या आणि विकसनशील देशांत त्याचे ऐतिहासिक विजय म्हणून स्वागत झाले. ते स्वागत अनाठायी नाही. तथापि कोणत्याही कायद्याचे मोल तो काय करण्यास सांगतो यावर जितके ठरते, तितकेच ते न केल्यास काय होते यावरही ठरते. आणि या दुसऱ्या कसोटीवर हा करार उणा पडतो.

कराराचा गाभा कलम ३ मध्ये आहे. पेटंटसाठी दावा केलेला शोध जनुकीय संसाधनावर ‘आधारित’ असेल, तर अर्जदाराने त्या संसाधनाचा मूळ देश उघड करावा. तो ठाऊक नसेल तर ते जेथून मिळाले तो स्रोत सांगावा. पारंपरिक ज्ञानाच्या बाबतीत ते पुरवणाऱ्या समूहाचा निर्देश करावा. यांपैकी काहीच माहीत नसेल तर तसे निवेदन पुरते, आणि दिलेली माहिती खरी की खोटी हे पडताळण्याचे बंधन पेटंट कार्यालयावर नाही. ‘आधारित’ या शब्दाची व्याख्याही अरुंद आहे : संसाधन शोधासाठी आवश्यक असले पाहिजे आणि शोध त्याच्या विशिष्ट गुणधर्मांवर अवलंबून असला पाहिजे. वनस्पतीपासून साधित केलेल्या द्रव्यांचे काय, हा प्रश्न मोकळाच ठेवला आहे.

भारतीय वाचकास येथे हळदीचे प्रकरण आठवणे स्वाभाविक आहे. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास १९९५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्यास १९९६ मध्ये आव्हान दिले आणि पुढील वर्षी पेटंट कार्यालयाने ते दावे नाकारले. घरोघरच्या आजीबाईच्या बटव्यातील ज्ञान सिद्ध करण्यासाठी संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांचे उतारे आणि १९५३ मधील एक वैद्यकीय निबंध सादर करावा लागला. कडुनिंबावरील युरोपीय पेटंटाविरुद्धचा लढा तर १९९५ पासून २००५ पर्यंत चालला. ही दोन्ही उदाहरणे नव्या कराराच्या समर्थनार्थ वारंवार दिली जातात. परंतु दोन्ही पेटंटे रद्द झाली ती ‘हे आधीच ज्ञात होते’ या कारणाने, उगम दडवल्यामुळे नव्हे. अर्जात ‘भारत’ हा शब्द आला असता तर परीक्षकाचे लक्ष योग्य दिशेस गेले असते, इतकेच म्हणता येते. ज्यांच्या ज्ञानाची लेखी नोंदच नाही, अशा सह्याद्रीतील वैदूंना त्या उल्लेखाचा उपयोग तेव्हाच होईल, जेव्हा तो टाळणाऱ्यास काही गमवावे लागेल.

नेमके हेच कलम ५ मध्ये निसटले आहे. केवळ उगम प्रकट केला नाही एवढ्यावरून, एकदा दिलेले पेटंट कोणत्याही सदस्य राष्ट्राने रद्द, अवैध वा अंमलबजावणीस अपात्र ठरवू नये, असे ते कलम सांगते. अपवाद आहे तो लबाडीच्या हेतूचा. शिवाय लबाडी नसेल तर दंडात्मक उपायापूर्वी चूक दुरुस्त करण्याची संधी अर्जदारास द्यावयाची आहे.

ही तरतूद भारताच्या पूर्वीच्या भूमिकेशेजारी ठेवून पाहावी. २००६ मध्ये भारत, ब्राझील आदी देशांनी जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात ‘२९ बीआयएस’ हे नवे कलम घालण्याचा प्रस्ताव दिला होता. अर्जदाराने जाणूनबुजून, किंवा जाणण्यास वाजवी कारण असतानाही, माहिती दिली नाही तर पेटंट रद्द करण्याचा अधिकार त्यात स्पष्टपणे मागितला होता. भारतीय पेटंट अधिनियमाचे कलम ६४(१)(त) त्याहून कडक आहे. जैविक सामग्रीचा स्रोत वा भौगोलिक उगम उघड न करणे किंवा चुकीचा सांगणे हेच तेथे पेटंट रद्द करण्यास पुरेसे आहे. हेतू सिद्ध करण्याची अट नाही. नव्या कराराशी बांधील होणाऱ्या देशास असे कलम सौम्य करणे भाग पडेल. ज्या देशांत असा कायदाच नाही त्यांच्यासाठी हा करार किमान मर्यादा घालतो, हे खरे. पण ज्यांनी आधीच पुढचे पाऊल टाकले आहे त्यांच्यासाठी तो कमाल मर्यादाही घालतो. कराराच्या गौरवात ही दुसरी बाजू क्वचितच ऐकू येते.

कायदेशीर निश्चिती हा कलम ५ च्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद आहे : किरकोळ त्रुटीसाठी वर्षानुवर्षांच्या संशोधनावर पाणी फिरू नये. त्यात तथ्य आहे. मात्र किरकोळ त्रुटी आणि लबाडी यांच्यामध्ये मोठा टापू आहे, तो निष्काळजीपणाचा. २००६ च्या प्रस्तावातील ‘वाजवी कारण’ या शब्दांनी तो व्यापला होता. आता पेटंटच रद्द करून घ्यायचे, तर दूरच्या देशातील समूहाने परक्या कंपनीच्या मनातील हेतू न्यायालयात सिद्ध करावयाचा आहे. हळदीच्या वेळी निदान ग्रंथ तरी हाताशी होते.

अर्थात सैलपणा केवळ जिनिव्हात आला असे नव्हे. २०२३ च्या दुरुस्तीने भारताच्या जैविक विविधता अधिनियमातील कारावासाची शिक्षा जाऊन आर्थिक दंड तेवढा उरला.

२२ नोव्हेंबर २०२४ रोजी रियाध येथे स्वीकारलेल्या औद्योगिक आकृतिबंध करारात तर प्रकटीकरण ऐच्छिकच आहे : अर्जदारास ज्ञात असलेली पारंपरिक ज्ञानाची व सांस्कृतिक अभिव्यक्तीची माहिती मागण्याची मुभा सदस्य राष्ट्रांना आहे, सक्ती नाही. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलान येथील सादरीकरणात कोल्हापुरी चपलेशी साम्य असणारी पादत्राणे दिसली, तेव्हा महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांना लाभलेले भौगोलिक मानांकन भारताच्या सीमेबाहेर आपोआप लागू होत नाही, हे अनेकांना प्रथमच उमगले.

जिनिव्हा करार अमलात येण्यासाठी १५ सदस्यांचे अनुसमर्थन वा प्रवेश आवश्यक आहे, आणि अंमल सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी कलम ८ नुसार त्याचा आढावा घ्यावयाचा आहे. साधित द्रव्ये, बौद्धिक संपदेची अन्य क्षेत्रे आणि नवी तंत्रज्ञाने हे विषय त्या आढाव्यासाठी नावानिशी नोंदले आहेत. कलम ५ चा उल्लेख त्या यादीत नाही.