'बनगरवाडी'चा मास्तर आणि समाजमानसशास्त्र

इतरांच्या प्रत्यक्ष किंवा कल्पित सान्निध्याने व्यक्तीचे विचार, भावना व वर्तन कसे बदलतात, याचा अभ्यास म्हणजे समाजमानसशास्त्र. ललित लेखकही हेच करीत आला आहे. मग या शास्त्राने नवे काय दिले? माझ्या मते, एक प्रश्न दिला : जे कळले ते कोणाला, कोणत्या नात्याने आणि कोणासमोर कळले? हा प्रश्न मनाशी धरून 'बनगरवाडी' पुन्हा वाचावी, असे मला सुचवावयाचे आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली ग्रंथरूपाने आली. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर नेमलेला तरुण मास्तर तिचा निवेदक आहे. तो वाडी न्याहाळतो, परंतु तटस्थ राहत नाही. लोकांच्या अडीअडचणीत पडतो, तालीम बांधण्याचे मनावर घेतो. वाडीही त्याला न्याहाळीत असते. गैरसमज होताच कारभारी त्याच्यावर रुष्ट होतो. अखेर दुष्काळाने वाडी ओस पडते.

पुढच्याच वर्षी फेस्टिंगर, रीकेन व शॅक्टर या अमेरिकन संशोधकांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रलयाचे भाकीत करणाऱ्या एका पंथात त्यांचे निरीक्षक ओळख लपवून शिरले होते. भाकीत फसूनही काहींची श्रद्धा दृढच झाली, हा त्यांचा निष्कर्ष गाजला. अलीकडे त्यावर गंभीर आक्षेपही आले आहेत. मुख्य अडचण अशी, की नव्या माणसांचे अकस्मात येणे पंथीयांना संकेतच वाटले. पाहणाऱ्यांनीच पाहावयाची वस्तू बदलली.

माडगूळकरांचा मास्तर आपली सावली लपवीत नाही. हे त्या निवेदनाचे बळ होय. उणीव म्हणावी तर ही, की तो एकटाच साक्षीदार आहे. धनगरांच्या मनात काय होते, ते आपल्याला त्याच्याच तोंडून कळते. कादंबरीला हे चालते. पण तिच्या आधारे 'खेडूत असाच असतो' असा सिद्धांत मांडणाऱ्या टीकाकाराला चालू नये.

प्रयोगपद्धती येथे उपयोगी पडते. ॲश यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रेषांची लांबी ओळखावयाची होती. शिकवून ठेवलेल्या मंडळींनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले, की प्रयोगाखालील व्यक्तींची सुमारे एक-तृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे जात. एक जरी सोबती खरे बोलणारा मिळाला, तरी हे प्रमाण झपाट्याने उतरे.

हे वाचताना मला परसवाड्याची माझी शाळा आठवली. आमचा बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. येथे हिंदी, मराठी, पोवारी, गोंडी शेजारी नांदतात. एकदा वर्गात मी मोठ्याने विचारले, "घरी कोणती भाषा बोलता?" पहिला मुलगा म्हणाला, "हिंदी." त्यामागून सारा वर्ग तेच म्हणाला. मधल्या सुट्टीत ओसरीवर मात्र तीच मुले आपापल्या बोलीत भांडत होती. मुले खोटे बोलली नव्हती. त्यांनी मुख्याध्यापकाला वर्गात शोभेल असे उत्तर दिले होते. पुढे तोच प्रश्न मी एकेकाला, कागदावर विचारला. तेव्हा चारही भाषांची नावे उमटली.

सीमाभागात मराठी उरली किती, याचा विचार आपण साहित्यसेवक नेहमी करतो. तो आकड्यांवरून करण्यापूर्वी प्रश्न कोणी, कोठे व कोणासमोर विचारला, हे तपासले पाहिजे. ग्रामीण कादंबरी वाचतानाही हीच दक्षता बाळगावी.